साखर कुठे गेली?

वाचकहो, ३३ वर्षे मुलांना रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या मास्तराने पुढे लोकांना वाइन पाजण्याची नोकरी धरली, हे ऐकून आपल्या मनात काय आले असेल ते मी ओळखले आहे. आमच्या आळीच्याही मनात तेच आले होते. तेव्हा खुलासा आधीच करून टाकतो.

मी नाशिकचा. २०११ साली निवृत्त झालो. त्याच्या दहा वर्षे आधी, २००१ साली, सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले होते आणि गंगापूर धरणाच्या अंगाला, दिंडोरीच्या बाजूला एकामागून एक वाइनचे कारखाने उभे राहिले होते. त्यांपैकी एकाला शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना वाइन कशी होते ते मराठीतून सांगणारा माणूस हवा होता. मुंबई-पुण्याची मंडळी मुलाबाळांसकट, कधी सासूबाईंनाही घेऊन येत आणि तिथल्या पोरांचे इंग्रजी ऐकून सासूबाई कंटाळत. नुसते बोलायचेच आहे, म्हणून मी होकार दिला. घरी मात्र 'द्राक्ष प्रक्रिया उद्योगात सल्लागार' एवढेच सांगितले. जो शब्द खुद्द सरकारने धोरणाच्या नावात घातला नाही, तो मी घरात कशाला उच्चारू?

माझे बालपण १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या छायेत गेले. हातभट्टी, पोलिसांची धाड आणि पलीकडच्या चाळीतली रडारड, एवढीच त्या विषयाशी माझी ओळख. वर्गात मात्र मी दर वर्षी किण्वनाचे समीकरण फळ्यावर लिहीत असे. ग्लुकोज, त्यावर यीस्टची क्रिया आणि मग इथिल अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड. फळा पुसला की विषय संपला.

कारखान्यात तेच समीकरण उंच पोलादी टाक्यांतून बुडबुडे काढीत होते. मी हरखूनच गेलो. जानेवारी ते मार्च हा तोडणीचा हंगाम. पहाटेच्या गारव्यात तोडलेले घड क्रेटमधून येत, वजन होई, रसातली साखर मोजली जाई. आपण खातो ती द्राक्षे टपोरी, पातळ सालीची, बिनबियांची. ही बारीक, जाड सालीची, बियांची. काळ्या द्राक्षाचाही रस बहुधा बिनरंगीच निघतो. तांबडा रंग चढतो तो साली रसातच ठेवून आंबवल्यामुळे. साधारण किलोभर द्राक्षांची एक बाटली होते. हे सारे मी सांगे आणि एखाद्या सासूबाई "म्हणजे लोणच्यासारखं मुरावं लागतं म्हणा की!" असे म्हणून मोकळ्या होत. वर्गातल्या कित्येक मुलांना इतकेही कळले नव्हते.

पुढे टेस्टिंग रूममधला एक पोरगा आजारी पडला आणि मला तिथल्या टेबलामागे उभे करण्यात आले. लांब लाकडी टेबल, काचेचे प्याले, खिडकीतून दिसणारी बाग. प्रत्येक वाइन ३० मिलिलिटरच ओतायची. पाहुण्याने आधी रंग पाहावा, प्याला हलकेच फिरवावा, वास घ्यावा, मग घोट तोंडात घोळवावा. गिळायचा नसेल तर थुंकायला एक भांडे ठेवलेले असे. मी त्याला पिकदाणी म्हणे. "सर, स्वतः चाखल्याशिवाय लोकांना सांगणार काय?" असे वाइन करणाऱ्या मुलीने मला दटावले. साठीच्या उंबरठ्यावर मी पहिला घोट घेतला आणि खरे सांगतो, त्यातला निम्मा पिकदाणीत गेला. हळूहळू मात्र लिंबाची साल, पेरू असे वास ओळखू येऊ लागले. धास्ती एकच होती. एखादा जुना विद्यार्थी समोर येऊन उभा राहिला तर?

तो आलाच. २०१३ च्या फेब्रुवारीतला रविवार. चाळिशीचा, उन्हाने रापलेला माणूस दारात जरा घुटमळला, माझ्याकडे पाहून थबकला आणि "सर, तुम्ही?" म्हणत पाया पडायला वाकला. माझ्या हातात बाटली होती. ती मी टेबलाखाली नेली.

"राहू द्या, सर," तो म्हणाला, "तिच्यात माझीच द्राक्षं असतील."

त्याची बाग या कारखान्याशी करारावर होती. पाच वर्षे तो माल घालत होता. या खोलीत मात्र प्रथमच आला होता. "आमची गाडी मागच्या दाराला लागते. पुढच्या दाराशी कधी काम पडलं नाही."

आवाजावरून मी त्याला ओळखले. १९८८ ची दहावी, शेवटचा बाक. आणि ओळखताक्षणीच मला तो तास आठवला. मी समीकरण लिहून वळलो, तोच हा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, साखर सगळी गेली, तर मग ते लागतं कसं?" सारा वर्ग खो खो हसला. हा माझी थट्टा करतो आहे असे मला वाटले. मी त्याला वर्गाबाहेर काढले आणि वडिलांना दोन ओळींची चिठ्ठी धाडली.

"दादांनी कासऱ्यानं मारलं होतं, सर," तो हसत म्हणाला. "माळकरी माणूस. पोरगं शाळेत दारूची चव विचारतंय म्हटल्यावर काय करतील?"

तो हसला. मला हसता येईना. एक गोष्ट मी त्या दिवशी कोणाजवळ कबूल केली नव्हती, स्वतःजवळही नाही. ती म्हणजे, मला उत्तर ठाऊक नव्हते.

मी दोन स्वच्छ प्याले घेतले. गेल्या हंगामातली शेनिन ब्लांक ओतली. त्या टाकीत याच्याही बागेचा माल होता.

"घे."

"तुमच्यासमोर, सर?"

"माझ्यासमोरच. प्रश्न मला विचारला होतास ना?"

त्याने तीर्थ घ्यावे तसा प्याला दोन्ही हातांनी धरला. एक घोट घेतला आणि कितीतरी वेळ बोललाच नाही.

"आंबट लागतं की हो!" तो अखेर म्हणाला. "तोडताना तर बोटं चिकटतात, इतकी गोडी असते. साखर कुठं गेली?"

मी कागदी रुमालावर समीकरण लिहिले. या वेळी पुसायला फळा नव्हता. साखरेचे मद्य कसे झाले, वायू कसा उडून गेला आणि द्राक्षातला आंबटपणा मागे कसा राहिला, ते सांगितले. मग म्हटले, "त्या दिवशी तुला बाहेर काढलं, ते मला हे ठाऊक नव्हतं म्हणून. चूक माझी होती."

त्याने मान खाली घातली. रुमालाची नीट घडी करून खिशात ठेवली. मग पुन्हा प्याला नाकाशी नेऊन हळूच म्हणाला, "पण वास बागेचाच आहे, सर. सकाळचा, दंव असतं ना, तेव्हाचा."

वर्षभर मी पाहुण्यांना लिंबू आणि पेरू सांगत होतो. हे मला सुचले नव्हते.

जाताना त्याने पैसे मोजून एक बाटली घेतली आणि माझ्याच हातात दिली. "बाईंना द्या. मी दिली म्हणावं."

आता घरी सांगणे भाग होते. मी सारे सांगितले. वाइनबद्दल सौभाग्यवती चकार शब्द बोलल्या नाहीत. "अहो, दोन ओळींपायी पोराला मार बसवलात!" एवढेच म्हणाल्या. मग उठून कपाटातला चमचा आणला. जेवणानंतर पचनासाठी त्या वर्षानुवर्षे द्राक्षासव घेत आल्या आहेत. तेही आंबवूनच करतात आणि त्यातही मद्यार्क असतो, हे सांगण्याचे धैर्य मला उभ्या संसारात झाले नव्हते. त्यांनी वाटीत दोन चमचे वाइन मोजली, नेमाप्रमाणे तितकेच पाणी घातले आणि पिऊन टाकली.

"आसवच की हे!" त्या म्हणाल्या. "गूळ तेवढा घालायचा विसरलेत."

पुढच्या रविवारी त्या माझ्याबरोबर आल्या. मागच्या दाराशी त्याची गाडी उभी होती. त्याला हाताला धरून पुढच्या दाराने त्यांनीच आत आणले.