मालेगांवचें ग्रहण आणि चहापान

मालेगांव म्हटलें कीं आमच्या पुण्याच्या शेजाऱ्यांच्या डोळ्यांपुढें नाशिककडील मागांचें मोठें शहर उभें राहतें. आमचें मालेगांव तें नव्हे. अकोल्याहून पातूर, मेडशी असा जो रस्ता वाशीमकडे जातो, त्यावर वाशीमच्या अलीकडे विसेक किलोमीटरवर हें तालुक्याचें गांव आहे. 1998 सालीं अकोला जिल्ह्यांतून वाशीम जिल्हा वेगळा निघाला, तेव्हांपासून तें वाशीमकडे मोडतें. वाशीम म्हणजे वाकाटकांचें वत्सगुल्म. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसें’त काव्यपुरुषाचें साहित्यविद्येशीं लग्न लागलें तें याच नगरांत. एवढ्या थोर कार्याचें शेजार लाभूनही आमच्या मालेगांवाला कोणा प्रवासलेखकानें हातीं धरल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. असो. तेथें आमचा वडिलोपार्जित वाडा आहे, आणि दर दिवाळीस आम्ही अकोल्यापर्यंत आगगाडीनें व पुढें मोटारीनें तेथें जातों.

2022 सालची दिवाळी जरा चमत्कारिकच आली होती. सोमवारीं 24 ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन, बुधवारीं 26 ला पाडवा आणि भाऊबीज एकाच दिवशीं, आणि मधल्या मंगळवारीं सायंकाळीं सूर्यग्रहण. आमचा पुतण्या अमेरिकेहून आला होता. तिकडे 21 ऑगस्ट 2017 रोजीं ओरेगॉनपासून साऊथ कॅरोलिनापर्यंत खग्रास ग्रहण दिसलें, तेव्हां लोकांनीं हिरवळीवर टेबलें-खुर्च्या मांडून मित्रमंडळी बोलावली होती, वाद्यें वाजविलीं होतीं, हें त्यानें इतक्या रसाळपणें सांगितलें कीं घरांतील सारी तरुण मंडळी एकमुखानें म्हणूं लागली, “आपणही करूं या! चांगल्या कपबशा काढूं, गाणें ठेवूं, गांवांतल्या चार माणसांना बोलावूं.”

प्रश्न होता तो आमच्या मोठ्या काकूंचा. काकूंचें वय पंचाहत्तरीच्या पुढें. एकादशी, शिवरात्र, प्रदोष यांत आजवर खंड नाहीं. त्या शांतपणें तुळशीचीं पानें खुडीत होत्या. म्हणाल्या, “गाणें करा. नामस्मरणाला आणि गाण्याला ग्रहणांत कोणी नको म्हटलेलें नाहीं. पण चहा? सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधीं लागतात, बाळांनो. आणि हें तर ग्रस्तास्त.”

ग्रस्तास्त म्हणजे काय, हें तरुण मंडळींस समजावून द्यावें लागलें. सूर्य ग्रासलेल्या स्थितींतच मावळतो; ग्रहणाचा मोक्ष आपल्याला दिसतच नाहीं. अशा वेळीं सूर्यास्तानंतर स्नान करून भोजन करण्यास हरकत नाहीं, असें पुष्कळ लोक मानतात. परंतु जुन्या धर्मशास्त्राच्या कडक मताप्रमाणें दुसऱ्या दिवशीं शुद्ध बिंब पाहून, स्नान करूनच तोंडांत घास घालावयाचा. काकूंचा कल कोणीकडे असणार, हें आम्हांस ठाऊक होतें. पुतण्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलें, बेत मोडला. आम्हांस वाटलें, मोडला तर मोडो. सणाच्या दिवसांत काकूंचें मन दुखवून पाहुण्यांपुढें कपबशा मिरवण्यांत कसली शोभा?

तोड काढली ती काकूंनींच. “तुम्ही सूर्यास्तानंतर नहा आणि चहा घ्या. मी सकाळीं घेईन. त्यांत एवढें तोंड पाडण्यासारखें काय आहे?”

म्हणून चिठ्ठ्या लिहिल्या त्या अशा: सायंकाळीं साडेचार वाजतां गायन, सूर्यास्तानंतर ज्यानें त्यानें आपल्या घरीं स्नान करून यावें, तदनंतर चहापान. पंचवीस घरीं चिठ्ठ्या गेल्या. शाळेंतील एका मास्तरांनीं ती वाचून विचारलें, “म्हणजे दोनदां यावयाचें?” आम्हीं म्हटलें, “होय. एकदां कानांसाठीं, एकदां तोंडासाठीं.”

वाड्याची मागची पडवी पश्चिमेकडे उघडते. पुढें परसू, त्यापलीकडे सोयाबीन काढून झालेलें मोकळें रान, आणि पार क्षितिजापर्यंत दुसरी आडकाठी नाहीं. मावळता सूर्य पाहण्यास याहून चांगली जागा शहरांत लाख रुपये देऊन मिळावयाची नाहीं. पडवींत सागवानी टेबल आणून त्यावर थोरल्या वहिनींनीं भरलेली पांढरी चादर घातली. काकूंच्या लग्नांतल्या निळ्या काठाच्या कपबशा वर्षानुवर्षें कपाटांत होत्या, त्या निघाल्या. पितळी तांब्यांत शेवंती खोंवली. करंज्या, चकल्या, अनारसे, चिवडा यांचे डबे ओळीनें मांडले आणि प्रत्येक डब्यावर काकूंनीं दर्भाची काडी ठेवली. दुधाच्या पातेल्यांत तुळशीचें पान. कपबशा मात्र पालथ्या. इतका थाटाचा, पण कोणीं हात लावावयाचा नाहीं असा टेबलाचा देखावा आम्हीं जन्मांत पाहिला नव्हता.

साडेचार वाजले. पंचविसांपैकीं सात माणसें आलीं. ग्रहणांत घराबाहेर न पडण्याचा रिवाज अजून पुष्कळ घरांत आहे. 16 फेब्रुवारी 1980 च्या ग्रहणाच्या दिवशीं तर मुंबईसारख्या शहराचे रस्ते भरदिवसा ओस पडले होते. मग मालेगांवानें कां लाजावें? आलेल्यांत एक डॉक्टर व त्यांच्या पत्नी होत्या. एक सेवानिवृत्त मास्तर आले ते हातांत जपमाळ घेऊन, आणि आकाशाकडे पाठ करून बसले. “मी गाणें ऐकावयास आलों आहें, ग्रहण तुम्ही पाहा,” असें त्यांनीं आधींच बजावलें.

आमच्या पुतणीनें मुलतानी धरला. मेहुण्यांची पेटी होती, तबल्यावर गांवांतीलच एक वयस्क गृहस्थ. दिवसाच्या चौथ्या प्रहराचा हा राग; कोमल ऋषभ-गांधार आणि तीव्र मध्यम यांनीं उतरत्या उन्हाला एक प्रकारची कातरता येते. पांच वाजण्यास दहाबारा मिनिटें असतांना पुतण्या ओरडला, “लागलें!” ग्रहणाकरितां मुद्दाम बनविलेले प्रमाणित चष्मे आम्हीं पुण्याहून आणले होते, ते हातोहात फिरूं लागले. कोणी एक्स-रेची जुनी फिल्म घेऊन आला होता. डॉक्टरांनीं ती काढून घेतली. काजळी धरलेली कांच, एक्स-रेची फिल्म, पाण्याची परात हे सगळे जुने उपाय डोळ्यांना धोक्याचे आहेत, कारण प्रकाश मंद झाला तरी अदृश्य किरण आंत शिरतात आणि नेत्रपटल भाजलें तरी तें दुखत नाहीं.

मुलांनीं झारा धरून त्याच्या छिद्रांतून भिंतीवर कोरी पाडण्याचा प्रयत्न केला. झाऱ्यानें साफ निराशा केली. जवळ धरला तर नुसते ठिपके, दूर नेला तर सगळा गिचमिड प्रकाश. खरी मौज निराळीच निघाली.

आमची नातसून त्या वेळीं सहा महिन्यांची गरोदर होती. डॉक्टरांनीं तिला उपाशी वा तहानेली ठेवूं नये असें स्पष्ट सांगितलें होतें, आणि काकूंनीं तें एका शब्दानें न मोडतां दुपारीं तिला जेवूं घालून, तुळशीचें पान टाकलेलें पाण्याचें भांडें तिच्या उशाशीं ठेवलें होतें. पण बाहेर येण्यास मात्र बंदी. ती माजघरांत एकटी बसून गाणें ऐकत होती. ग्रहणानें पोटांतील मुलाला कांहीं होत नाहीं हें तिला ठाऊक होतें, आम्हांलाही ठाऊक होतें. पण काकूंच्या जिवाला जो घोर लागला असता तोही खराच होता, आणि मुलगी समजूतदार. पुतण्यानें एका लहान आरशावर जाड कागद चिकटविला, त्याला करंगळीच्या नखाएवढें छिद्र पाडलें आणि आरसा पडवीच्या कोपऱ्यांत असा टेकविला कीं उन्हाचा कवडसा खिडकींतून थेट माजघराच्या पलीकडच्या भिंतीवर जाऊन पडला. अंतर वीस-पंचवीस हातांचें. भिंतीवर पुरीएवढें बिंब उमटलें, आणि त्या पुरीचा कोणीं एक चावा घेतलेला!

घरांतले कवडसे गोल दिसतात ते छपराचें छिद्र गोल असतें म्हणून नव्हे. तें चौकोनी असलें तरी कवडसा गोलच पडतो, कारण तो सूर्याचें चित्र असतो. इतकीं वर्षें त्याच माजघरांत कवडसे पाहून आम्हांस हें उमगलें नव्हतें.

नातसुनेनें हांक मारली, “आजी, पाहूं का?” सगळे थबकले. काकू उठून आंत गेल्या, भिंतीसमोर उभ्या राहून त्यांनीं तें बिंब निरखलें, आणि निकाल दिला: “हें भिंतीवर उमटलेलें चित्र. चित्राला कसले वेध? पाहा.” आणि स्वतः तिच्याशेजारीं पाट घेऊन बसल्या. वेध लागणें आणि वेध घेणें हे आपल्या भाषेंत एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. त्या सायंकाळीं ते एकाच पाटावर बसलेले आम्हीं पाहिले.

तेथेंच आम्हीं त्या दोघींना तळणीची हकीकत सांगितली. 22 जानेवारी 1898 रोजीं खग्रास ग्रहणाचा पट्टा कोंकणांत विजयदुर्गापाशीं शिरून, सोलापूरकडील जेऊरवरून आपल्या वऱ्हाडांतून नागपूरकडे गेला. नकाशावर रेघ ओढून पाहिली तर मालेगांव साधारण त्या पट्ट्याच्या उत्तर काठाशीं पडतें. विजयदुर्गास सर नॉर्मन लॉकियर, जेऊरला पुण्याचे प्रोफेसर नायगांववाला आणि अमेरिकेचे कॅम्बेल, पुलगांवास न्यूअल, आणि तेथून जवळच धामणगांवच्या बाजूला तळणी स्टेशनाशीं ब्रिटिश हौशी ज्योतिषांची मंडळी उतरली होती. तींत अ‍ॅनी माँडर म्हणून एक बाई होत्या. ग्रिनिचच्या वेधशाळेंत त्यांना नोकरी होती, पण 1895 सालीं लग्न झालें आणि तेथील रिवाजाप्रमाणें ती सोडावी लागली. तळणीस त्यांनीं स्वतःच्या लहानशा कॅमेऱ्यानें सूर्याच्या रुपेरी किरीटाचा फोटो घेतला, आणि त्यांत तोंवर कोणाच्याही फोटोंत आली नव्हती इतकी लांब प्रकाशशलाका उमटली. मोठ्या दुर्बिणीवाल्या पुरुषांना ती सांपडली नव्हती. नातसून म्हणाली, “नोकरी गेली, पण नजर गेली नाहीं.” काकूंनीं विचारलें, “त्यांच्या घरीं स्वयंपाक कोण करीत होतें?” याचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें.

बाहेर पुतणीनें मारवा सुरू केला होता. या रागांत पंचम वर्ज्य, आणि षड्जही गवई मुद्दाम झांकून ठेवितो. ऐकणारा त्या आधाराच्या स्वराची वाट पाहत राहतो. समोर सुमारें पाव बिंब झांकलेला सूर्य तांबूस होऊन रानाला टेकला. त्याची धार इतकी सौम्य झाली होती कीं चष्मा काढण्याचा मोह होई. डॉक्टर सारखे “चष्मा, चष्मा” म्हणत होते. पांच-पन्नासच्या सुमारास तो तसाच, अपुरा, बुडाला. पुतणीनें तेव्हां कोठें षड्जावर स्वर ठेवला. पाठमोऱ्या मास्तरांची जपमाळ थांबली होती, हें आम्हीं पाहिलें. त्यांनीं मात्र नंतर तें कबूल केलें नाहीं.

मग न्हाणीघरापुढें जी रांग लागली तिचें वर्णन न करणें बरें. दोन बादल्या, एक बंब आणि अकरा माणसें. परंतु सात वाजण्याच्या आंत, ज्यांची आम्हीं आशा सोडली होती तीं घरेंच्या घरें ओल्या केसांनीं, धुतल्या वस्त्रांनीं येऊं लागलीं. चिठ्ठ्या पंचवीस, माणसें साठ! मास्तरही दुसऱ्यांदां आले. पणत्या लागल्या, कपबशा सुलट झाल्या, आल्याचा आणि गवती चहाचा वास पडवीभर पसरला, आणि पुतणीनें यमन घेतला. डॉक्टरीणबाईंनीं विचारलें, पुढचें ग्रहण कधीं? पुतण्यानें सांगितलें कीं आपल्याकडे खंडग्रास दिसेल असें 2 ऑगस्ट 2027 ला, दिव्यांच्या अंवसेला, सायंकाळच्या सुमारास आहे, पण तेव्हां पावसाळा. खग्रास पाहावयाचें तर ईजिप्तमध्यें लक्सरला जावें, तेथें सहा मिनिटांहून अधिक काळोख पडणार आहे. “आम्ही वाशीमला जातों तेंच पुष्कळ,” असें त्या म्हणाल्या.

चहा ओतीत होत्या काकू. निर्जळ असूनही त्यांनीं किटली दुसऱ्या कोणाच्या हातीं दिली नाहीं. कोणाला बिनसाखरेचा, कोणाला कमी दुधाचा, हें त्यांना साठही माणसांचें ठाऊक होतें. पुतण्यानें त्यांच्यापुढें कप धरून पाहिला. त्यांनीं नुसती मान हालविली आणि त्याच्याच बशींत आणखी एक अनारसा ठेवला.

पाडव्याच्या दिवशीं पहाटे तो त्यांच्यासाठीं गजर लावून उठला. दोघें गच्चीवर गेलीं. पूर्वेला अखंड, वाटोळें बिंब वर आलें, काकूंनीं हात जोडले, खालीं येऊन स्नान केलें आणि त्या चुलीशेजारीं बसल्या. त्यानें स्वतः चहा करून निळ्या काठाच्या कपांत आणून दिला. काकूंनीं एक घोट घेतला आणि म्हणाल्या, “साखर कमी झाली रे.”