टोनोप्लास्टास अनावृत पत्र

प्रिय टोनोप्लास्ट,

ऑगस्टात पावसानं दडी मारली की शेलूबाजारच्या शिवारात सोयाबीनची पानं भर दुपारी उभी होतात, फिकट पाठ दाखवतात. बघणाऱ्याला वाटतं, पीक माना टाकतंय. पुष्कळदा ते पान नुसतं ऊन चुकवत असतं. पर्णिकेच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो. त्याच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, मागोमाग पाणी जातं. दुसरी बाजू फुगते आणि पान वळतं. हे पोटॅशियम मुख्यतः पेशीतल्या रिक्तिका नावाच्या कप्प्यात साठलेलं असतं, आणि रिक्तिकेभोवतीचा पडदा तू आहेस. ह्यूगो द व्रीस यांनी १८८५ साली तुला नाव दिलं. आमच्या पोरांच्या वहीत तू अजून एक रेघ आहेस, याचं मला फार वाईट वाटतं.

तुझ्यात दोन पंप आहेत. एक एटीपी खर्चतो, दुसरा पायरोफॉस्फेट. दोघंही प्रोटॉन आत ढकलतात. म्हणून पेशीद्रवाचा सामू सातच्या थोडा वर राहतो, रिक्तिकेचा साडेपाचच्या आसपास. लिंबाच्या फोडीत तर तो दोन-अडीचवर येतो! मोटारीनं टाकीत चढवलेलं पाणी उतरताना कामाला यावं, तसे हे प्रोटॉन. तुझ्यातल्या दारातून एक बाहेर सुटतो, त्याच्या बदल्यात सोडियम किंवा पोटॅशियम आत येतं.

याची खरी किंमत इथून उत्तरेला, अकोल्याकडे उतरल्यावर कळते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात सोडियम पिकाच्या जिवावर उठतं. पेशीद्रवात ते वाढलं की विकरांचं काम बिघडतं. तेच तू रिक्तिकेत कोंडलंस, तर पाणी ओढून धरायला कामी येतं. कपाशी तिथं तग धरते, त्यात तुझाही वाटा आहे. १९९९ मध्ये एडुआर्दो ब्लुमवाल्ड यांच्या टोरांटोतल्या गटानं एनएचएक्स१ हे तुझं एक दार अरॅबिडोप्सिस या रोपात वाढवलं आणि रोपं २०० मिलिमोलर मिठात वाढली. २००१ मध्ये टोमॅटोतही तेच जमलं. मीठ पानांत राहिलं, फळांत फारसं गेलं नाही. पुढं कळलं की हे दार एरवी मुख्यतः पोटॅशियमचीच ने-आण करतं. शिवाय कोंडलेलं मीठ परत झिरपू न देणं, पंप चालते ठेवणं, हेही तुलाच बघावं लागतं. म्हणून या दाराच्या एका जनुकावर खारपाणपट्टा हिरवा होईल, असं मी म्हणणार नाही. पण वाण पारखताना पानात सोडियम किती आलं एवढंच न मोजता ते पेशीत कुठं ठेवलं गेलं, हेही पाहिलं पाहिजे.

आणि तू वहीतली नुसती रेघ राहू नयेस म्हणून शाळांनी लाल कांद्याचा पापुद्रा मिठाच्या पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा. पेशीतलं पाणी निघून जातं, जांभळा रंग आकसून गडद होतो, तरी तुझ्याबाहेर सांडत नाही.

तुझा,
शेलूबाजारचा एक वाचक