चारशेच्या पुढचा मुलगा

इंडियाना राज्यात हिवाळ्यात बोलायला दोनच विषय असतात: बर्फ आणि कॉलेज बास्केटबॉल. बर्फाबद्दल सगळ्यांचं एकमत असतं.

मी ऑगस्ट २०२२मध्ये वेस्ट लाफायेटला पर्ड्यू युनिव्हर्सिटीत एमएस करायला आलो. तोवर बास्केटबॉलमधलं मला एवढंच माहीत होतं की बॉल टप्पे देत न्यायचा असतो. लातूरच्या आमच्या शाळेत रिंग होती, जाळी नव्हती आणि बॉल पीटीच्या सरांच्या कपाटात कुलूपबंद असायचा. त्यामुळे पहिले दोन महिने इथल्या लोकांच्या गप्पा माझ्या डोक्यावरून गेल्या. मग हळूहळू लक्षात आलं की अरे, ही भाषा तर आपल्याला येते! रँक, कट-ऑफ, 'पोरगं हुशार आहे पण ऐन पेपरात घाबरतं', 'त्याच्या क्लासनं त्याला फुगवून ठेवलंय'. फक्त पोरांची उंची जास्त.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, साडेतीनशेच्या वर टीम आहेत. पोरं शाळेत असतानाच कोच त्यांना हेरतात आणि स्कॉलरशिप देऊ करतात. याला म्हणायचं रिक्रूटिंग. या हेरगिरीवर आणखी एक धंदा उभा आहे. काही कंपन्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना तारे वाटतात आणि देशभरातली रँक लावतात. पाच तारे वर्षाला जेमतेम पंचवीस-तीस पोरांना मिळतात. तीन तारे म्हणजे 'बरा आहे, बघू'. लातूरला ज्यांनी चौकाचौकात क्लासेसची होर्डिंग्ज बघितलीत, टोपर्सचे फोटो आणि खाली दोन दशांश स्थळांपर्यंत पर्सेंटाइल, त्यांना याहून जास्त समजावायची गरज नाही.

माझी शिकवणी दोन माणसांनी घेतली. एक माझे घरमालक. वय सत्तरीच्या आसपास, जन्म इथलाच. १९६९मध्ये पर्ड्यू फायनलला पोहोचली आणि यूसीएलएकडून ९२-७२ अशी हरली, ते दुःख त्यांनी पंधराव्या वर्षापासून जपून ठेवलेलं. दुसरा आमच्या लॅबमधला पीएचडी करणारा मुलगा, तोही इंडियानाचाच. घरमालक डोळ्यांवर विश्वास ठेवणारे, तो आकड्यांवर. दोघांची गाठ माझ्या किचनमध्ये पडायची, कारण शनिवारी मी पोहे करायचो आणि त्या वासावर दोघंही यायचे.

लॅबवाल्याचा धर्मग्रंथ म्हणजे केनपॉम. केन पोमेरॉय नावाच्या हवामानशास्त्रज्ञानं सुरू केलेली ही आकडेवारी. मुद्दा साधा आहे. टीमनं मॅचमध्ये किती पॉइंट केले हे बघू नका. काही टीम पळापळ करतात, काही संथ खेळतात, त्यामुळे नुसते पॉइंट फसवतात. त्याऐवजी बॉल शंभर वेळा ताब्यात आला तर किती पॉइंट होतात आणि किती दिले जातात ते काढा, आणि समोर कोण होतं त्याप्रमाणे दुरुस्त करा. मला हे ऐकताक्षणी पटलं. घरमालकांना कधीच पटलं नाही. "पावसाचा अंदाज सांगणाऱ्यानं पावसाचा सांगावा," ते म्हणायचे.

आणि या दोघांच्या मधोमध उभा होता सात फूट चार इंचांचा झॅक.

आडनाव ईडी. हे मी फोनवर सांगितलं तेव्हा बाबा क्षणभर गप्पच झाले. मग कळलं की हा टोरांटोचा मुलगा आहे, कुणाच्या घरावर धाड टाकत नाही.

ईडी लहानपणी आईस हॉकी आणि बेसबॉल खेळायचा. बास्केटबॉलला त्यानं हात लावला दहावीच्या सुमारास. २०२०च्या बॅचमध्ये त्याची रँक चारशेच्याही पुढे होती आणि तारे तीन. पर्ड्यूचे कोच मॅट पेंटर यांना उंच पोरांची सवय होती. हास सात-दोन, हार्म्स सात-तीन, त्या परंपरेत हा आणखी एक. पहिल्या वर्षी तो सरासरी पंधरा मिनिटंसुद्धा खेळत नव्हता आणि मॅचला ८.७ पॉइंट करायचा. दुसऱ्या वर्षी १४.४. तिसऱ्या वर्षी २२.३ पॉइंट आणि १२.९ रिबाउंड, आणि देशातला सर्वोत्तम खेळाडू.

मी आलो ते हे तिसरं वर्ष. विरोधी टीमचे फॅन म्हणायचे, यात कौशल्य काय, तो नुसता उंच आहे, शिवाय रेफरी त्याच्या खिशात. लॅबवाल्याचं उत्तर तयार असायचं: सात फुटांची पोरं दरवर्षी येतात, त्यातल्या किती जणांनी हे केलं? हे उत्तर मला आजही बिनतोड वाटतं.

मग १७ मार्च २०२३ उजाडला.

कॉलेजांची देशपातळीवरची स्पर्धा तेव्हा ६८ टीमची होती आणि एक हार म्हणजे घर. चार गटांत प्रत्येकी एक ते सोळा मानांकनं. पर्ड्यू एक नंबर. समोर सोळावी, फेअरली डिकिन्सन, सरासरी उंचीत अख्ख्या डिव्हिजन वनमधली सगळ्यात बुटकी टीम. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्यानं पहिल्याला हरवणं तोवर एकदाच घडलं होतं, २०१८मध्ये. आम्ही ६३-५८ हरलो. ईडीनं २१ पॉइंट आणि १५ रिबाउंड घेतले, पण त्याच्याभोवती दोन-दोन तीन-तीन पोरं चिकटलेली, आणि बाकीच्यांना रान मोकळं असून नेम लागेना. टीमनं २६ थ्री-पॉइंटर मारले, ५ गेले.

दुसऱ्या दिवशी पोह्यांवर जो वाद झाला तसा मी आमच्या वाड्यातल्या वाटण्यांच्या वेळीही ऐकला नव्हता. घरमालक म्हणाले, झालं ते बरं झालं, आता तरी पाच तारेवाली चपळ पोरं आणा. २०२१ला तेराव्या मानांकनाच्या नॉर्थ टेक्साससमोर हरलो, २०२२ला पंधराव्या सेंट पीटर्ससमोर, आता सोळाव्या. अजून खाली जायला आकडाच उरला नाही. लॅबवाला म्हणाला, ५/२६ हा नशिबाचा भाग आहे, एका मॅचवरून काहीही सिद्ध होत नाही. आणि पाच तारेच हवे असतील तर २०१९चं ड्यूक आठवा. बॅरेट, झायन विल्यमसन, रेडिश अशी सगळी होर्डिंगवरची पोरं एका टीमात, आणि मिशिगन स्टेटकडून एका पॉइंटनं बाहेर.

"तीन वर्षं ओळीनं नशीब?" घरमालकांनी विचारलं. लॅबवाल्यानं पोह्यांत लिंबू पिळलं.

याच महिन्यात माझा धाकटा भाऊ बारावीचे पेपर देत होता. मे महिन्यात सीईटी झाली, जूनमध्ये पर्सेंटाइल आला. कमी आला. किती ते लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. घरात कुणी ओरडलं नाही. फक्त बाबांनी जेवताना टीव्ही लावायचं बंद केलं. मावशीचा फोन आला की आई बाहेरच्या खोलीत जाऊन बोलायची. भावानं ड्रॉप घेतला.

तेव्हा मला ईडीची गोष्ट त्याला सांगायचा फार मोह झाला. बघ, चारशेच्या पुढची रँक आणि देशात पहिला. सांगितली नाही. कारण मी इंजिनियर आहे, आणि ही गोष्ट दिलासा म्हणून वापरणं म्हणजे आकड्यांशी खोटं बोलणं आहे. रँकिंग एकूणात बरोबरच असतं. पाच तारेवाल्यांपैकी पुढे एनबीएत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण आणि चारशेच्या पुढच्यांचं प्रमाण यांची तुलनाच होऊ शकत नाही. ईडीच्या शेजारी रँक असलेली ती सगळी पोरं कुठे आहेत हे कुणी विचारत नाही.

पण रँक चुकली असं म्हणणारे घरमालक आणि रँकचा ईडी हा अपवाद आहे असं म्हणणारा लॅबवाला, दोघंही एक गोष्ट सोडून देत होते असं मला वाटतं. रँक लावली तेव्हा ईडी जेमतेम दोन-तीन वर्षं खेळलेला होता. बेरीज बरोबर होती, उत्तरपत्रिका अर्धी होती. उरलेला पेपर त्याला कॉलेजात सोडवायला मिळाला. पंधरा मिनिटांची एकोणीस झाली, मग एकतीसच्या वर. कुणीतरी त्याला चार वर्षं दिली. लातूरला तेव्हा एक दिवस मिळायचा, फार तर ड्रॉपचा दुसरा.

आणखी एक आकडा होता, त्याबद्दल मात्र आमच्याकडे वाद झाला नाही. जुलै २०२१पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिराती करून पैसे मिळवायची मुभा मिळाली. पण ईडी कॅनडाचा, एफ-वन व्हिसावर. म्हणजे माझ्याच व्हिसावर! सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तास काम, बाहेर काम नाही. मी डायनिंग हॉलमध्ये ताटं विसळून जे कमवत होतो ते कायदेशीर होतं. त्यानं अमेरिकेत गाड्यांच्या शोरूमची जाहिरात केली असती तर व्हिसा धोक्यात आला असता. केंटकीचा ऑस्कर श्विबवेही असाच एफ-वनवर होता. २०२२च्या उन्हाळ्यात टीम बहामाला गेली तेव्हा त्यानं जाहिरातींचं काम तिथे उरकून घेतलं. हे लॅबवाल्याला मी सांगितलं तर तो म्हणाला, "मला हे माहीतच नव्हतं." त्याला ईडीची फ्री थ्रोची टक्केवारी पाठ होती.

एनबीएचे जाणकार तेव्हा म्हणत होते, याचा खेळ जुन्या जमान्यातला आहे, पहिल्या फेरीत कुणी घेणार नाही. ईडीनं ड्राफ्टमधून नाव मागे घेतलं आणि चौथ्या वर्षासाठी परत आला. टीममध्ये मोठी भर म्हणजे सदर्न इलिनॉयहून आलेला लान्स जोन्स. पॉइंट गार्ड ब्रेडन स्मिथ, इथून तासाभरावरच्या वेस्टफील्डचा, तोही तीन ताऱ्यांचाच.

३१ मार्च २०२४ला टेनेसीविरुद्ध ईडीनं ४० पॉइंट केले. ७२-६६. पर्ड्यू १९८०नंतर पहिल्यांदा शेवटच्या चारांत. घरमालक त्या रात्री माझ्या सोफ्यावर बसून रडले. मी चहा केला, दुसरं काय करणार. मग नॉर्थ कॅरोलिना स्टेटला हरवलं आणि ८ एप्रिलला फायनल, समोर कनेक्टिकट. आमच्याकडे रात्र, लातूरला ९ एप्रिलची सकाळ, गुढीपाडवा. एका स्क्रीनवर मॅच, दुसऱ्यावर आई गुढीला गाठी बांधताना. कनेक्टिकटनं डाव ओळखला होता: ईडीला एकास एक खेळू द्या, करू देत किती करतो ते, पण बाकीच्यांना बाहेरून नेम धरायला मिळता कामा नये. ईडीनं ३७ केले. पर्ड्यूला अख्ख्या मॅचमध्ये थ्री-पॉइंटर मारायला मिळाले सात, गेला एक. ७५-६०.

वर्षभरापूर्वी सव्वीस मारून हरलो होतो, आता सात मारून. लॅबवाला बराच वेळ लॅपटॉप न उघडता बसला.

जूनमध्ये मेम्फिसनं ईडीला ड्राफ्टमध्ये नवव्या नंबरवर घेतलं, पुढच्या वर्षी तो नवोदितांच्या पहिल्या संघात निवडला गेला. आता मी शिकागोत नोकरी करतो. त्या दोघांचे फोन येतात, अजून भांडतात. आता विषय ट्रान्स्फरचा असतो: पोरं एक वर्ष बाकावर बसली की टीम बदलतात आणि कोचही थांबत नाहीत, मग पंधरा मिनिटांवाला ईडी पुढे कुठे तयार होणार? यावर मात्र दोघांचं एकमत आहे, आणि ते दोघांनाही आवडत नाही.

भाऊ नांदेडला मेकॅनिकलला आहे. दुसऱ्या सीईटीतही फार फरक पडला नव्हता. मध्यंतरी कुठूनतरी ईडीचा व्हिडिओ त्याच्या फोनवर आला, तेव्हा त्यानं स्वतःच विचारलं, "दादा, हा तुमच्या कॉलेजचा ना?" मग मी सगळं सांगितलं. रँक, बुटकी टीम, व्हिसा, पाडवा. शेजारच्या रँकवाल्या पोरांचंही सांगितलं, मुद्दाम.

तो जरा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पहिल्या वर्षी किती मिनिटं खेळायचा म्हणालास?"

"पंधराच्या आत."

"बरं," तो म्हणाला. मेस बंद व्हायची वेळ झाली होती, म्हणून फोन ठेवला.