मूळ कागदपत्रं

माझी दहावीची गुणपत्रिका मला दुरून दाखवली गेली, हातात दिली गेली नाही. तो राग अजून गेलेला नाही.

आम्ही नागपूरच्या सक्करदऱ्याचे. बाबा इतवारीत कापडाच्या दुकानात, आई घरी शिवणकाम करते. ओबीसी असल्यामुळे अभियांत्रिकीचं निम्मं शिक्षण शुल्क सरकार भरणार होतं. त्या शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्ज, आधारला जोडलेलं खातं, व्हाउचर रिडीम करणं, ही धावपळ घरोघरी माहीत आहे. शेवटच्या वर्षाच्या शिष्यवृत्तीचा दुसरा हप्ता आलाच नाही. तेवढ्यात पुण्यात नोकरी लागली आणि कंपनीने मूळ कागदपत्रं मागितली. ती प्रवेशाच्या वेळीच कॉलेजने ठेवून घेतली होती.

खिडकीवरचे बाबू म्हणाले, "तुमच्या स्कॉलरशिपचं येऊन नाही राहिलं ना. थकबाकी भरा, कागदं घेऊन जा." मग कपाट उघडून त्यांनी माझी फाइल काढली, गुणपत्रिका वर धरली. "पाहा, सुरक्षित हाय." आणि परत आत ठेवली.

बाबा म्हणाले, "साहेब, मार्क पोरीचे, पैसे सरकारकडे अडकले. मंग कागद तुमच्याजवळ कसे?"

"वरून ऑर्डर हाय, काकाजी."

दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या माझ्या बाबांच्या तोंडून पुढचा शब्द निघाला नाही. मागे रांगेत इतर पालक होते. तेही गप्प.

आईने भिशी लवकर उचलली, तोटा सोसून. पैसे भरले, कागद मिळाले, तोवर माझी बॅच रुजू झाली होती. मला पुढच्या बॅचमध्ये घेतलं. शिष्यवृत्ती नंतर जमा झाली. नातेवाईक विचारतात, मग गेलं काय तुमचं? भिशीत तोटा झाला, आणि बाबांचा त्या खिडकीवर झालेला अपमान कोणत्या खात्यात जमा व्हायचा?

त्या बाबूंना मी पुष्कळ दिवस निर्दयी म्हणत आले. पण पावती देताना हळूच त्यांनीच सांगितलं होतं, "पुढच्या वेळी लेखी अर्ज द्या अन् पोच घ्या. तोंडी बोलल्याला अर्थ नाही." एवढं उपयोगाचं मला तिथे दुसऱ्या कोणी शिकवलं नाही.

मामेबहिणीच्या प्रवेशाच्या वेळी कळलं, की विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्येच बजावलं आहे: मूळ प्रमाणपत्रं तपासून परत द्यायची, ठेवून घ्यायची नाहीत. सरकारची रक्कम रखडली की विनाअनुदानित कॉलेजात पगार थकतात, हे मला कळतं. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, याचा आनंदच आहे. पण ती रक्कमही कॉलेजला सरकारकडूनच यायची आहे. सरकारकडची वसुली पोरींच्या गुणपत्रिका अडकवून करणं हा अन्यायच आहे.

प्रवेशाला जाणाऱ्या आईबापांनो, मूळ प्रती दाखवा, तिथल्या तिथे परत मागा, साक्षांकित प्रती द्या. नाहीच ऐकलं तर ठेवून घेतलेल्या प्रत्येक कागदाची शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.