चिंचेचा कोळ शेवटी

लग्नानंतर परभणीहून सिकंदराबादला आले, तेव्हा कांदा-टोमॅटो परतला की रस्सा अर्धा झालाच, असं मी धरून चालत असे. शेजारच्या खालांनी बघारे बैंगन पाठवले आणि त्या तपकिरी, दाट सालनात टोमॅटो शोधूनही सापडेना. चव मात्र ओळखीची. शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं, चिंच, ही तर आमच्या भरल्या वांग्यांचीच मंडळी! मराठवाडा आणि हैदराबाद एकाच निजामी राज्यात नांदले. १९५६ साली ते राज्य विभागलं गेलं, तरी चुलींनी ती वाटणी मानली नाही.

टोमॅटो एकटा तीन कामं उरकतो. रश्शाला अंग देतो, आंबटपणा देतो, किंचित गोडवाही देतो. तो नसला की तिन्ही कामं निरनिराळी करावी लागतात आणि प्रत्येकाचा मान वेगळा आहे, हे कळतं.

अंग येतं भाजण्यातून. अर्धा किलो लहान वांग्यांना मी अर्धी वाटी शेंगदाणे, तीन चमचे तीळ आणि तेवढाच खोबऱ्याचा कीस घेते. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजते. दाण्यांना मंद आच आणि सवड लागते. तीळ चटचट उडू लागले की त्याच क्षणी ताटात ओतायचे, कारण गॅस बंद केला तरी तापल्या कढईत ते भाजतच राहतात. एकदा दार उघडायला गेले तेवढ्यात तीळ काळपट झाले. गूळ वाढवून पाहिला, पण कडवटपणा काही हटला नाही. सगळं वाटण टाकून द्यावं लागलं.

गोडवा कांद्याचा. तो बदामी होईपर्यंत भाजून त्याच वाटणात घालते. मग मोहरी, जिरं, मेथीदाणे, कढीपत्त्याची फोडणी आणि वाटण कडेने तेल सोडेपर्यंत परतणं.

आंबटाची पाळी सगळ्यांत शेवटी. खालांनी माझा हात धरून सांगितलं होतं, "खट्टा आखिर में." मी चिंच आधी घालायचे आणि वांगी कितीही उकळली तरी देठाकडे निबर राहायची. भाजीला घट्ट धरून ठेवणारं पेक्टिन आंबटात सहज सैल होत नाही, हे मला पुष्कळ नंतर कळलं. खालांच्या हाताला ते आधीपासून ठाऊक होतं. कोळाचं मापही ठरीव नाही. उगादीच्या सुमारास येणारी नवी चिंच उजळ आणि झणकन आंबट लागते. जुनी काळी, मुरलेली असते. दर वेळी चाखूनच घालावं लागतं.

२०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरीपार गेला, तेव्हा वरच्या मजल्यावरची नवी सून विचारत आली, "काकू, आता रस्सा कसा करायचा?" मी तिला कढईसमोर उभं केलं आणि हातात तिळाची वाटी दिली. पहिला तीळ उडाला तशी तिने माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे नको," मी म्हटलं, "तिळांकडे बघ."