सिंहाचे आरोग्य

आफ्रिकेतील सिंहांच्या रक्षणाविषयी जे काही लिहिले जाते त्यात शिकारी, दुर्बिणी, बंदुका आणि अलीकडे उपग्रहांशी जोडलेल्या गळपट्ट्या यांची वर्णने विपुल असतात; गोठ्यातली गाय किंवा वेशीवर निजलेले कुत्रे यांचा मात्र त्यात सहसा उल्लेख नसतो. मी व्यवसायाने पशुवैद्य आहे, आणि टांझानियातील सेरेंगेटीच्या वन्य पशूंमध्ये पसरणाऱ्या साथींचा अभ्यास करण्यात माझ्या आयुष्याचा बराच काळ गेला आहे. त्या अभ्यासाअंती माझे असे दृढ मत झाले आहे की, सिंहाच्या जगण्या-मरण्याचा निकाल पुष्कळ वेळा अभयारण्याच्या हद्दीबाहेर, ज्यांच्याकडे प्रवासी ढुंकूनही पाहत नाहीत अशा पाळीव जनावरांच्या शरीरात लागतो.

सेरेंगेटीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा 1951 साली मिळाला. त्याचे क्षेत्र सुमारे 14,700 चौरस किलोमीटर आहे. तेथील सिंहांच्या पद्धतशीर अभ्यासाला आरंभ झाला तो 1966 साली जॉर्ज शॅलर तेथे मुक्कामास आले तेव्हा. शॅलर त्यापूर्वी आपल्या कान्ह्याच्या अरण्यात वाघ आणि हरणे यांचे निरीक्षण करून गेले होते, आणि एकेका जनावराला व्यक्तिशः ओळखून त्याची दिनचर्या टिपून ठेवण्याची चिकाटी त्यांनी सेरेंगेटीतही चालू ठेवली. त्यांच्यामागून ब्रायन बर्ट्रम आले, आणि 1978 पासून क्रेग पॅकर व ॲन प्यूसी यांनी तेच दप्तर पुढे चालवले. सिंहाच्या मिशांच्या मुळाशी काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. त्यांची मांडणी प्रत्येक सिंहाची निराळी असते आणि ती जन्मभर बदलत नाही, त्यामुळे बछडेपणीच्या छायाचित्राशी म्हाताऱ्या सिंहाचा चेहरा ताडून पाहता येतो. अशा नोंदींवरून कळपांच्या वंशावळी सिद्ध झाल्या आणि कळून आले की कळप हा मूलतः आया, मावश्या, बहिणी आणि लेकी यांचा असतो. नर बाहेरून येतात, दोन-तीन वर्षे अंमल गाजवतात, आणि दुसऱ्या नरांनी त्यांना हुसकावले म्हणजे आधीच्या नरांची पिले मारली जातात, कारण पिले गेली की माद्या लवकर माजावर येतात. माझ्या शास्त्राला या वंशावळींचा उपयोग निराळ्या कारणासाठी झाला. कोणता सिंह कोणत्या वर्षी कोठे हिंडत होता हे ठाऊक असल्यावाचून साथीत किती सिंह दगावले हे सांगण्याचा अन्य मार्गच नाही.

प्रथम बुळकांडीची हकिकत सांगितली पाहिजे. आजच्या तरुण पशुवैद्याला हा रोग पाठ्यपुस्तकातूनच ठाऊक असतो. परंतु आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी त्याने गावोगावचे गोठे ओस पाडले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही साथ ईशान्य आफ्रिकेत शिरली आणि दहा-बारा वर्षांच्या आत त्या खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोचली. मसाई लोकांची गुरे मेली, गुरांच्या पाठोपाठ माणसे उपासमारीने मेली, आणि रानम्हशी व वाइल्डबीस्ट यांचे कळपही उद्ध्वस्त झाले. मोठी साथ ओसरल्यावरही रोग त्या मुलखातून हलला नाही. आईच्या चिकातून मिळालेले संरक्षण काही महिन्यांनी सरले की वाइल्डबीस्टची वासरे त्याला बळी पडत. पुढे सेरेंगेटीभोवतीच्या गुरांना लस टोचण्याची मोहीम नेटाने चालवण्यात आली, आणि 1963 च्या सुमारास हा रोग वाइल्डबीस्टमधून नाहीसा झाला. लस टोचली होती ती केवळ गुरांना. एकाही वाइल्डबीस्टला कोणी हात लावला नव्हता. त्या दशकाच्या आरंभी सुमारे 2.5 लाख असलेली त्यांची संख्या 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात 13 लाखांवर गेली. एवढ्या तोंडांनी गवत खाल्ल्यावर वणव्यांना जळण उरले नाही, वणवे कमी झाल्यामुळे रोपांची झाडे होऊ लागली, आणि भक्ष्य वाढल्यामुळे सिंहही वाढले. वन्य पशूंच्या रक्षणाच्या इतिहासात याहून मोठे कार्य मला तरी आढळलेले नाही, आणि ते घडले गुरांच्या दवाखान्यातून! केनियातील मुगुगा येथे वॉल्टर प्लाउराइट यांनी पेशीसंवर्धनाच्या पद्धतीने तयार केलेली लस पुढे सर्वत्र वापरली गेली, आणि देवीच्या पाठोपाठ बुळकांडीचेही पृथ्वीवरून उच्चाटन झाल्याची घोषणा 2011 साली झाली.

बुळकांडीच्या विषाणूच्या कुळात माणसाचा गोवर आहे, आणि कुत्र्यांचा डिस्टेंपरही आहे. 1994 च्या आरंभी सेरेंगेटीतले सिंह अडखळत चालताना, तोंडाचे स्नायू आपोआप उडत असलेले, झटके येऊन कोसळताना दिसू लागले. चांगले भरलेले, तरुण सिंह काही दिवसांत खंगून मरत. वर्ष संपण्यापूर्वी सुमारे 3,000 सिंहांपैकी 1,000 नष्ट झाले होते. तपासणीअंती कारण निघाले डिस्टेंपर. त्याचा विषाणू उद्यानाभोवतीच्या खेड्यांतील कुत्र्यांमध्ये वावरत होता.

येथपर्यंतची कथा सरळ वाटते. परंतु तिच्यातील खरा बोध पुढेच आहे. संशोधकांनी सिंहांना गुंगी देताना घेतलेले रक्ताचे नमुने अनेक वर्षे गोठवून ठेवले होते. ज्यांनी ते घेतले त्यांना डिस्टेंपरची शंकाही नव्हती. अन्य कामासाठी घेतलेले उरलेले रक्त, टाकून न देता, तारीख आणि सिंहाची ओळख लिहून जपले, एवढेच. ते नमुने पुन्हा तपासले तेव्हा असे दिसले की या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे पूर्वीही, आणि एकाहून अधिक वेळा, सिंहांच्या रक्तात उत्पन्न झाली होती. म्हणजे साथ येऊन गेली होती, आणि सिंह मेले नव्हते. मग 1994 सालीच असे काय घडले? त्याचे उत्तर रक्तातच सापडले. 1993 साली भीषण अवर्षण पडले. रानम्हशी रोडावल्या, त्यांच्या अंगावर गोचीड माजले, आणि त्या दुबळ्या म्हशी सिंहांनी सहज मारून खाल्ल्या. गोचिडांमार्फत पसरणारा बॅबेसिया हा रक्तातील परजीवी सिंहांच्या शरीरात एरवीही असतो, पण त्या वर्षी तो अतोनात वाढला. वर डिस्टेंपरने प्रतिकारशक्ती खच्ची केली. शेजारच्या नगोरोंगोरोच्या विवरातही 2000 सालच्या अवर्षणानंतर 2001 साली हेच घडले. एकट्या विषाणूने, किंवा एकट्या गोचिडाने, सिंह मेले नसते. दुष्काळाने त्या दोहोंची गाठ घालून दिली.

1994 नंतर खेड्यांतील कुत्र्यांना डिस्टेंपर आणि रेबीज यांच्या लसी टोचण्याचे काम सुरू झाले. सिंह वाचावेत म्हणून तेथील सुकुमा जमातीचा शेतकरी आपला कुत्रा घेऊन येईल अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. तो येतो ते रेबीजने मूल जाऊ नये म्हणून, आणि बहुधा मुलेच दोरीला बांधलेली कुत्री ओढत लसीच्या रांगेत उभी राहतात. त्या मोहिमेचा हा लाभ मला सिंहांच्या लाभाइतकाच मोलाचा वाटतो. सिंहांपुरते बोलायचे तर यश अपुरे आहे: कुत्र्यांतील रोग कमी झाल्यावरही सिंहांमध्ये संसर्गाच्या लाटा येतच राहिल्या, त्याअर्थी विषाणूला इतर वन्य पशूंतही थारा मिळत असला पाहिजे.

आपल्या गीरचा विचार या संदर्भात टाळता येत नाही. 2018 साली दलखाणिया परिक्षेत्रात काही आठवड्यांत 23 सिंह मेले, आणि त्यांतील अनेकांच्या शरीरात डिस्टेंपर व बॅबेसिया ही तीच जोडी आढळली. आशियाई सिंहांची संख्या 2025 च्या गणनेत 891 भरली ही आनंदाची गोष्ट खरीच. पण ते सारे सौराष्ट्र या एकाच प्रदेशात आहेत. त्यांपैकी काहींना मध्यप्रदेशातील कुनो येथे हलवावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली दिला, तेथे 2022 साली आफ्रिकेतील चित्तेही आले, परंतु सिंह अद्याप गेलेले नाहीत. हे स्थलांतर पुढल्या साथीची वाट न पाहता झाले पाहिजे. गीरच्या आसपासच्या प्रत्येक गावातील कुत्र्यांना वर्षानुवर्षे लस मिळाली पाहिजे. आणि उपचारासाठी पकडलेल्या प्रत्येक सिंहाच्या रक्ताचा एक नमुना, आज त्याचे काही प्रयोजन दिसो वा न दिसो, तारीख लिहून शीतगृहात ठेवण्याचा शिरस्ता असला पाहिजे.