बदलीचा हुकूम आणि मुलांची शाळा

फौजेतल्या माणसाच्या बदलीचा हुकूम फार तर चार ओळींचा असतो : अमुक तारखेस अमुक ठिकाणी रुजू व्हावे, कुटुंब बरोबर नेण्यास परवानगी आहे किंवा नाही, आणि खाली अधिकाऱ्याची सही. त्या चार ओळींनी घरातले जे जे हलते त्याचा बहुतेक बंदोबस्त सरकार करते. प्रवासाचे वॉरंट मिळते, सामान मालगाडीने रवाना होते, नव्या छावणीत आज ना उद्या क्वार्टर मिळते, आणि रेशन तर पहिल्या दिवसापासून सुरू होते. परंतु ज्या मुलाचे नाव एका शाळेच्या पटावरून कमी होणार, ते दुसऱ्या कोणत्या शाळेच्या पटावर चढावे, याविषयी त्या हुकुमात एक अक्षरही नसते. तो विचार आईबापांनी करायचा. आणि माझे यजमान तोफखान्यात असल्यामुळे, सराव, कोर्स आणि सरहद्दीवरची तैनाती यांत त्यांचे वर्षाचे कित्येक महिने जात असल्यामुळे, आमच्या घरी तो भार प्रामुख्याने माझ्यावर आला.

१९६३ साली आम्ही देवळालीहून अंबाल्यास गेलो. चीनचे आक्रमण नुकतेच होऊन गेले होते, सैन्य वाढवले जात होते, आणि रोज कोणाची ना कोणाची तरी बदली निघत होती. थोरली मुलगी तेव्हा मराठी शाळेत चौथीत होती. आधल्या वर्षी ती नाशिक जिल्ह्याचा भूगोल शिकली होती. गोदावरीचा उगम, द्राक्षांचे मळे, सप्तशृंगीचा डोंगर हे सारे तिने इतक्या प्रेमाने पाठ केले होते की आमच्या क्वार्टरच्या अंगणात खडूने काढलेला जिल्ह्याचा नकाशा पाऊस येईपर्यंत मी झाडू दिला नाही. शाळा सोडल्याचा दाखला मिळाला, त्यावर जन्मतारीख, प्रगती, वर्तणूक असे रकाने होते, आणि ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात हेडमास्तरांनी ‘वडिलांची बदली’ असे सुबक बोरूच्या वळणाने लिहिले. परप्रांतात जायचे म्हणून त्यावर शिक्षणखात्याच्या अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी घ्यावी लागली. तो कागद मी दागिन्यांच्या डब्यात ठेवला, कारण लोखंडी ट्रंका मालगाडीत हरवतात हे मला ठाऊक होते आणि हा कागद हरवला तर मुलीचे एक वर्ष हरवणार होते.

अंबाला तेव्हा पंजाबात होते. हरियाणा राज्य व्हायला अजून तीन वर्षे होती, आणि हिंदी व पंजाबी या भाषांचा आणि नागरी व गुरुमुखी या लिपींचा वाद त्या प्रांतात धुमसत होता. सरकारी शाळेत घालावे तर मुलीला त्या वादाच्या मधोमध बसून दोन्ही भाषा नव्याने शिकाव्या लागल्या असत्या, आणि दोनएक वर्षांनी, त्या पक्क्या होतात न होतात तोच, आमचा मुक्काम हलला असता. दुसरा मार्ग छावणीतल्या इंग्रजी शाळेचा होता. फी आम्हांला जड होती, तरी आम्ही तोच पत्करला, कारण इंग्रजी निदान पुढच्या गावी उपयोगी पडेल असा आमचा हिशेब होता. तिथल्या कार्यालयात मात्र दाखला मराठीत आहे, तो वाचता येत नाही, म्हणून मुलीला दोन इयत्ता खाली बसवावे लागेल असे सांगण्यात आले. मी तिथेच टेबलाशी बसून त्या दाखल्याचे इंग्रजी भाषांतर केले, यजमानांच्या युनिटच्या ॲडज्युटंटकडून त्यावर शिक्का आणला, आणि पुष्कळ विनवणीनंतर एका इयत्तेवर तडजोड झाली. माझ्या जागी एखाद्या शिपायाची अल्पशिक्षित पत्नी त्या टेबलापुढे उभी असती तर तिने काय केले असते, हा विचार त्या दिवसापासून माझ्या मनातून कधी गेला नाही.

१९६५ च्या सप्टेंबरात युद्ध पेटले. पलटण सरहद्दीवर गेली, छावणीत बायकामुलेच तेवढी उरली. शाळा बंद झाल्या, आणि त्या महिन्यात अंबाल्यावर बॉम्ब पडून सेंट पॉलचे जुने, भव्य चर्च उद्ध्वस्त झाले. शस्त्रसंधीनंतर यजमानांचे युनिट फील्डमध्येच, म्हणजे सरहद्दीवरच, राहणार असे निश्चित झाले तेव्हा मी दोन्ही मुलांना घेऊन साताऱ्यास मामंजींकडे आले. थोरली पुन्हा मराठी शाळेत गेली. घर होते, आजीआजोबा होते, यवतेश्वरचा डोंगर समोर होता, आणि तरीही पहिले सहा महिने ती वर्गात मुकी बसे. गणित तिला इतरांपेक्षा पुष्कळ पुढचे येत होते, पण फळ्यावरचे उदाहरण मराठीत मांडलेले असे आणि त्यात विचारले काय आहे हेच तिच्या ध्यानात येत नसे. इतिहासात शिवकाल येऊन गेला होता आणि ती मात्र अंबाल्याच्या शाळेत इंग्लंडच्या राजांची नावे शिकून आली होती. संध्याकाळी मामंजी तिला ओसरीवर घेऊन बसत आणि कंदील लागेपर्यंत शिकवीत. त्यांच्यामुळे ती सावरली. पण ज्या घरी असे मामंजी नसतात त्या घरचे काय?

हे मी केवळ अनुमानाने लिहीत नाही. सातारा जिल्ह्यातल्या पुष्कळ गावांचा फौजेशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे; अपशिंग्याला तर लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात, आणि पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले होते. त्या बाजूच्या एका हवालदाराची पत्नी अंबाल्यात आमच्या क्वार्टरांपलीकडे राहत असे. तिचा थोरला मुलगा गावी चुलत्याकडे शिकत होता, मधला तिच्याजवळ होता आणि शाळेतच जात नव्हता. ‘‘बाई, ह्याला कुठं घालू? हितली भाषा त्याला कळत नाय, आन्‌ सायबांच्या शाळेची फी आमाला झेपत नाय,’’ असे ती मला म्हणाली होती, आणि माझ्याजवळ तिला देण्यासारखे उत्तर नव्हते. अधिकाऱ्याला निदान निवड करता येते; जवानापुढे निवड अशी नव्हतीच. मुलगा जवळ ठेवायचा की शाळेत ठेवायचा, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे होता.

१९६८ साली यजमानांना पीसचे ठाणे मिळाले : जबलपूर. कुटुंब नेण्यास परवानगी होती. थोरली नववीत जाणार होती, आणि आता घरात खरा विचार सुरू झाला. मामंजींचे म्हणणे असे की मुलगी साताऱ्यात स्थिरावली आहे, अकरावीची शालान्त परीक्षा दोन-तीन वर्षांवर आली आहे, तेव्हा तिला आता हलवू नये. तुम्ही धाकट्याला घेऊन जा. त्यांचे म्हणणे सर्वथा रास्त होते. मी पुष्कळ दिवस त्याच मताची होते. यजमानांनी मात्र पत्रात लिहिले, ‘‘तीन वर्षे मी मुलीला पाहिली ती रजेच्या दिवसांपुरती. पुन्हा फील्ड येईल तेव्हा ती सासरी जायच्या वयाची झालेली असेल. जबलपूरला केंद्रीय विद्यालय आहे. ते आधी पाहून ये, मग काय ते ठरव.’’ मी मामंजींना ते पत्र वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, ‘‘सूनबाई, जाऊन तर या.’’

या विद्यालयांचा इतिहास मला तेव्हा ठाऊक नव्हता, तो पुढे कळला. वारंवार बदली होणाऱ्या केंद्र सरकारच्या नोकरांच्या मुलांसाठी देशभर एकाच अभ्यासक्रमाच्या शाळा असाव्यात ही शिफारस दुसऱ्या वेतन आयोगाची. तिला सरकारची मंजुरी मिळाली ती १९६२ च्या नोव्हेंबरात, म्हणजे ईशान्येच्या सरहद्दीवर आपले जवान बर्फात लढत होते त्याच महिन्यात. १९६३–६४ च्या शैक्षणिक वर्षात छावण्यांतल्या २० पलटणी शाळा ताब्यात घेऊन आरंभ झाला, आणि १९६५ च्या डिसेंबरात त्यांची स्वतंत्र संघटना रीतसर नोंदली गेली. सर्व शाळांची परीक्षा एकाच केंद्रीय मंडळाची; हे मंडळही १९६२ साली नव्याने उभे करण्यात आले होते, आणि बदलीच्या नोकरीतल्या पालकांच्या मुलांची सोय हा त्याच्या उद्दिष्टांतला एक स्पष्ट भाग होता.

जबलपूरचे विद्यालय दिसायला काही भव्य नव्हते. जुन्या बराकीसारखी लांबच लांब इमारत, पत्र्याचे छप्पर, मैदानात एक कडुलिंब. अंबाल्याच्या इंग्रजी शाळेतला वाद्यांचा दिवाणखाना किंवा काचेच्या कपाटांतले ग्रंथालय यांतले तिथे काही नव्हते. प्राचार्यांनी दाखला पाहिला, मराठी आहे म्हणून बाजूला सारला नाही. एका शिक्षिकेला बोलावले, तिने तो वाचून दाखवला, आणि पाच मिनिटांत विषय संपला. मग त्यांनी मला नववीचा वर्ग दाखवला. मी दाराशी उभी राहून मुलींना विचारले, ‘‘याच वर्षी नव्याने कोण कोण आले आहे?’’ निम्म्याहून अधिक हात वर झाले. कोणी तेजपूरहून, कोणी पठाणकोटहून, कोणी त्रिवेंद्रमहून. पुढच्या बाकावर एका मेजरची मुलगी बसली होती आणि तिच्या शेजारी तोफगाड्यांच्या कारखान्यातल्या एका कामगाराची. दोघींचा गणवेश एक, पुस्तके एक, आणि दोघी मिळून एकच प्रयोगवही पुरी करीत होत्या. विज्ञान आणि गणित इंग्रजीत, इतिहास-भूगोल हिंदीत, आणि संस्कृत सर्वांना.

माझा निर्णय त्या दाराशी झाला. कोणती शाळा उत्तम, हा प्रश्न एका गावी जन्म काढणाऱ्या कुटुंबाचा आहे, आणि त्याने तो अवश्य विचारावा. आमच्यासारख्यांनी पाहायचे ते वेगळेच : या शाळेत तुटलेला धागा पुढच्या शाळेत सांधता येईल की नाही, आणि वर्षाच्या अधल्यामधल्या महिन्यात दाराशी आलेल्या मुलाला पाहून शिक्षकाच्या कपाळाला आठी पडते की तो शांतपणे पट उघडतो. साताऱ्याची शाळा कोणत्याही अर्थाने कमी नव्हती. तिथले गणिताचे गुरुजी जबलपूरला मिळाले असते तर मी देवाचे आभार मानले असते. पण ती स्थिर माणसांसाठी उभारलेली होती. मी मुलीला जबलपुरास आणले, आणि अकरावीची केंद्रीय मंडळाची परीक्षा ती प्रथम वर्गात उत्तीर्ण झाली.

धाकट्याच्या बाबतीत निराळा पेच होता. तो दहा वर्षांचा झाला होता, आणि साताऱ्याच्या सैनिक शाळेची प्रवेशपरीक्षा देण्याचे ते वय होते. देशातली ही पहिली सैनिक शाळा १९६१ च्या जूनमध्ये साताऱ्यास सुरू झाली, तिचा अभिमान आमच्या घरी सर्वांनाच होता, आणि यजमानांच्या बरोबरीच्या बहुतेक अधिकाऱ्यांचा सल्ला हाच की मुलाला तिथे घाला, म्हणजे बदल्यांची चिंता कायमची मिटली. चिंता मिटली असती यात संशय नाही. परंतु ही वाट तेव्हा मुलापुरतीच खुली होती. मुलीला तिथे प्रवेश नव्हता. घरातल्या एकाला वसतिगृहाचे स्थैर्य आणि दुसरीला बदल्यांची फरफट, हे मला मान्य होण्यासारखे नव्हते. शिवाय ज्याचे वडील तीन-तीन वर्षे दूर असतात त्या मुलाला, वडील घरी असण्याच्या थोड्या वर्षांत घरापासून दूर ठेवणे मला बरे वाटेना. तो बहिणीबरोबर त्याच शाळेत गेला.

१९६६ साली डॉ. कोठारी यांच्या अध्यक्षतेखालच्या शिक्षण आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. कोल्हापूर जिल्ह्याचे सुपुत्र श्री. जे. पी. नाईक हे त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. शिक्षणाचा आराखडा सर्व देशात एकसारखा असावा, आणि सर्व थरांतली मुले एकाच सार्वजनिक शाळेत शिकावीत, असे त्या अहवालाचे आग्रहाचे सांगणे आहे. विद्वान लोक त्यावर वाद घालतात ते मी वाचते. मला एवढेच म्हणायचे आहे की छावणीतल्या त्या पत्र्याच्या इमारतीत हे घडताना मी पाहिले आहे, आणि ते अशक्य नाही. आज ज्या ठाण्यांवर केंद्रीय विद्यालय नाही तिथे ते निघाले पाहिजे, आणि जिथे वडील फील्डमध्ये आहेत तिथे जवानांच्या मुलामुलींसाठी विद्यालयालगत वसतिगृह झाले पाहिजे. सरहद्दीवर उभ्या असलेल्या माणसाचे हे सरकारकडे येणे आहे. त्यासाठी त्याच्या पत्नीला कोणाच्या टेबलापुढे विनवणी करावी लागू नये.

पुढे पुन्हा हुकूम आला, सिकंदराबाद. धाकट्याचा दाखला आदल्या दिवशी मिळाला, आणि तिथे पोहोचल्यावर एका सकाळीच त्याचे नाव आठवीच्या पटावर चढले. पुस्तके तीच, आणि संस्कृतचा धडादेखील सोडला होता तिथूनच पुढे. एक उणीव मात्र राहिली. या अभ्यासक्रमात त्याला मराठी शिकायला मिळत नसे. मामंजी साताऱ्याहून आमच्या राज्याची क्रमिक पुस्तके टपालाने पाठवीत, आणि रात्रीची जेवणे झाल्यावर मी त्याला त्यातला एक धडा मोठ्याने वाचायला लावी आणि दर आठवड्यास आजोबांना शाईने एक पत्र लिहायला लावी. मामंजी त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तांबड्या शाईने दुरुस्त करून ते पत्र परत पाठवीत, आणि सोबत त्याचे उत्तर.